जावईबापूंची फळी

— नाही, नाही, ती हत्यारांची पेटी तिथंच ठेव, लक्ष्मण. उघडायचीसुद्धा नाही. काल गणपती बसले घरात, आणि ज्या पिरोगातून गणपती जायचे त्या होडीला गणपती बसल्यावर लोखंड लावायचं नसतं. आमच्या बापसाचा नियम आहे, मी नाही काढलेला. हसतोस काय? तुमच्या कांप दे मास्क गावात ऊस आणि वांगी, तुम्हाला होडीचे नियम कुठून ठाऊक असणार! तू खाटा कर, खिडक्या कर, लोकांच्या लग्नाचे मांडव घाल. बस इथं फिलावाच्या झाडाखाली, घाम पूस. काय म्हणालास? मागची फळी ठोकून बघितलीस? केव्हा? मी तिकडं जाळं वाळत घालत होतो तेवढ्यात? चोरासारखा! — बरं, मग काय म्हणते फळी? बद्द वाजते. वाजणारच. चांगलं लाकूड ठण्ण वाजतं आणि कुजकं बद्द वाजतं, एवढं सांगायला बस बदलत बदलत आलास? मला ठाऊक आहे ती बद्द वाजते. बोल्टांच्या खालून गंजाचं तांबडं पाणी गळतं ते ठाऊक आहे, चाकूचं टोक टेकवलं की पिकल्या फणसात जावं तसं आत जातं ते ठाऊक आहे, मोटार जोरात केली की फळी मागं कलते तेही ठाऊक आहे. मी या पाण्यावर केस पिकवले, लक्ष्मण. माझ्या होडीला कुठं दुखतंय ते मला सुतारानं येऊन सांगायचं?

केव्हा करणार, केव्हा करणार — जो उठतो तो हेच विचारतो. मासळी घ्यायला येणाऱ्या बाया विचारतात. लाबुतिकमधला चिनी दुकानदार, ज्यानं जन्मात होडीत पाय ठेवला नाही, तो तांदूळ मोजता मोजता विचारतो — गोवर्धन, तुझी मागची फळी केव्हा बदलणार? त्याला काय करायचंय? त्याच्या दुकानाची फळी आहे का? आणि केव्हा म्हणजे काय, तूच सांग ना, तू कारागीर. मार्च उजाडला की जाळ्यांचा मोसम उघडतो, तेव्हा होडी वाळूवर ओढून तिच्याकडं बघत बसू? मग सुरू ऊसतोडणी, तेव्हा तुम्ही सुतार लोक सगळे गिरणीच्या गाड्या ठोकायला पळता, तुमचं नखसुद्धा दिसत नाही. मग श्रावण, मग गणपती. गणपती झाले की पितृपक्ष — पितरांच्या दिवसांत नवं लाकूड कोण बसवतो? मग दसरा-दिवाळी. दिवाळीनंतर वादळांचे महिने, होडी पालथी घालून झाडाला बांधायची आणि देवाचं नाव घेत बसायचं. झालं वर्ष. कुठं आहे जागा? — हसू नकोस म्हटलं ना. खरं सांगू? घाई कसली आहे? ज्याची फळी आहे त्याला कळेल की केव्हातरी.

म्हणजे काय म्हणजे? माझी कुठली! होडी माझी. फळी जावईबापूंची. आयो, तूच विसरलास? तूच तर कापलंस! मी इथंच, या झाडाखाली, होडी दोन्ही हातांनी धरून उभा होतो आणि तू माझ्या बापसाच्या होडीचं ढुंगण करवतीनं उडवलंस. किती सुरेख होती मागून — पुढून निमुळती तशीच मागून निमुळती, वल्ह्याला लोण्यासारखी. बापसानं तकामाकाच्या लाकडाची केलेली. त्यात कारोलचं वादळ आलं, वरून फिलाव पडला, बाजूच्या फळ्या फुटल्या, त्या मी माझ्या हातानं बसवल्या. कोणाकडं हात पसरला का? आणि मग एके दिवशी मोका गावाहून मोटारगाडी येते. त्यातून कोण उतरतं? आमचे कृष्णदेव, आमच्या बहिणीचे, अनुसयेचे यजमान, सरकारी हपिसातले ग्रां मिस्ये, बडे साहेब. पायात चकचकीत बूट, त्या बुटांनी वाळूत चालतायत बगळ्यासारखे. मागं ड्रायव्हर, त्याच्या खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली मोटार. म्हणाले, गोवर्धनदादा, वादळानं तुमचं नुकसान झालं, ही माझ्याकडून भेट. सगळा किनारा गोळा झालेला. कोळी, क्रेओल पोरं, बाया. सगळ्यांसमोर!

आता तू सांग, मराठ्याच्या घरात बहिणीच्या नवऱ्याचं घेतात का? आमचा आजा लेकीच्या घरी गेला तर पाणी पीत नसे. बहीण दिली म्हणजे दिली, जावयाला द्यायचं असतं, त्याच्याकडून घ्यायचं नसतं. मोक्याला राहून हे विसरले वाटतं. विसरले कसले — ठाऊक होतं. माणूस पुस्तकं वाचतो, सभेत भाषणं करतो, मराठी संस्कृती जपा म्हणतो, आणि ठाऊक नसेल? मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तर अनू मागं उभी. डोक्यावर पदर, डोळ्यांनी म्हणतेय — दादा, घे. काय करणार? जावई हात पुढं करून उभा, बहीण तशी बघतेय. घेतली. नारळ फोडला तिच्यावर. आणि मग कळलं की मोटार टांगायला मागं सपाट फळी पाहिजे, निमुळत्या होडीला मोटार लागत नाही. तर होडी कापा! मोटार नको कापायला, होडी कापा. बापसाची. मी एक शब्द बोललो नाही. तू होतास ना, बोललो का मी? नाही. नुसतं धरून उभा राहिलो.

आणि त्या दिवसापासून बघ. पूर्वी विसर्जनाला मी बांबूनं होडी ढकलत न्यायचो, होडीत गणपती, मागून कंबरभर पाण्यात सगळे चालत, मोरया मोरया करत, अर्धा माहेबूर गाव बघायला. आता काय? फट्‌फट्‌फट्‌. आरती ऐकू येत नाही. मोटारीवर कोण बसतं? मी? छे! होडीचा मालक पुढं, दगडासारखा, नाळेवर. मोटार ज्यांची ते मोटारीवर. रेशमी धोतर नेसून, चष्मा लावून, दोरी ओढतात. पहिल्यांदा लागत नाही, दुसऱ्यांदा लागत नाही, मग एकदम पूर्ण जोर करतात — त्यांना अर्धा ठाऊकच नाही, हपिसात अर्धं काही नसतं वाटतं — आणि होडी अशी उधळते की मागची फळी कण्हते. मला पुढं बसून ऐकू येतं कण्हणं. ते आपले लोकांकडं बघून हात जोडतात.

कुजली कशानं विचारतोस? तू चांगलं लाकूड लावलं होतंस, तुझा दोष नाही, उगाच तोंड पाडू नकोस. भक्तीनं कुजली. हो, भक्तीनं! दर वर्षी जावईबापूंना मोटारीवर मखर पाहिजे. बांबूच्या कामट्या, नारळाच्या झावळ्या, रंगीत कागद, सगळं मोक्याहून करून आणायचं, आणि उभं कुठं करायचं, तर फळीच्या माथ्यावर. खिळे ठोकून. वरून, लाकडाच्या कापलेल्या उघड्या तोंडात, सरळ खाली. विसर्जन झालं की मखर ओरबाडून काढायचं, काही खिळे आतच, बाकी भोकं तशीच. पुढच्या वर्षी जुन्या भोकात खिळा बसत नाही म्हणून शेजारी नवीन. वरून पाऊस, खालून समुद्र, सगळं त्या भोकांतनं आत. आणि वर काय करतात? रंग! गणपतीच्या आदल्या दिवशी होडी पाण्यातनं ओढली रे ओढली की ब्रश घेऊन बसतात. निळा रंग, त्यावर लाल स्वस्तिक. ओल्या लाकडावर! पाणी आत, वरून रंगाचं झाकण, जाणार कुठं ते? गेल्या वर्षी रंगाला फोड आले होते, हाताएवढे. फोडले मी अंगठ्यानं, आतून काळं पाणी आलं. त्यांना दाखवलं का? कशाला दाखवू? मला कोणी विचारलं? गोवर्धनदादांना काय कळतंय, गोवर्धनदादा फक्त एवढं सांगा — खिळे आहेत का तुमच्याकडं? म्हटलं, आहेत की. दिले. दर वर्षी मीच देतो. छपराचे, मोठे.

असा काय बघतोस? मग कुठले देणार? बारीक खिळ्यांनी मखर वाऱ्यात उभं राहतं का? समुद्रावर वारा असतो, कांप दे मास्कसारखं नसतं. मोठे मागितले म्हणून मोठे दिले — बरं, मागितले नव्हते, दिले. जावयाला द्यायचंच असतं, आत्ताच सांगितलं ना तुला!

हे बघ, उगाच डोळे वटारू नकोस. मी काय वाईट माणूस आहे? आपण फक्त बोलतोय. समज. समज हं — परवा विसर्जन आहे. सगळे जमलेत, प्लेन मान्येनहून लॉरी भरून माणसं आलीत, सभेचे अध्यक्ष आलेत हार घालून. जावईबापू दोरी ओढतात. लागते मोटार. पूर्ण जोर. आणि फळी — समजा, म्हणतोय मी — फळी म्हणते, बास झालं. निघते. मोटारीसकट. बुडुक! आणि तिचा दांडा धरलेले आमचे ग्रां मिस्ये, धोतरासकट, चष्म्यासकट, मागच्या मागं पाण्यात. कोणाचं काय बिघडणार आहे? पाणी किती? कंबरेइतकं! उभे राहतील, ओले, धोतराचा सोगा हातात, आणि सगळा किनारा — नाही, कोणी हसणार नाही मोठ्यानं, जावई माणूस. पण बघतील. ज्या किनाऱ्यानं ती भेट बघितली तोच बघेल. आणि मी पुढून उठेन, बांबू उचलेन, आणि गणपती नेईन. बापसासारखे. एक शब्द बोलणार नाही. त्यांना हात देऊन होडीतसुद्धा घेईन. मला फक्त तेवढं — बास. दुसऱ्या दिवशी ये तू. दुसऱ्या दिवशी तुला वाटेल तेवढं लोखंड लाव. होडी परत निमुळती कर. ही घे, ही माझी वेळ. तुला ‘केव्हा’चं उत्तर पाहिजे होतं ना? विसर्जनानंतर.

काय? मोठ्यानं बोल. कंबरेइतकं नाही म्हणजे? मी या खाडीत जन्मलो, मला पाण्याचा अंदाज सांगतोस? — कुठं? पासला? कोण चाललंय पासला?

कोणी ठरवलं? सभेत? केव्हा? मला कोणी सांगितलं नाही! बोलावलं होतं, हो, बोलावलं होतं, मी सभेला जात नाही. निळं कापड घातलेलं टेबल, त्यावर पाण्याचा ग्लास, आणि जावईबापू उभे राहून म्हणणार, बंधुभगिनींनो. ते ऐकायला मी जाऊ? ऐकत नाही मी तिथलं. पण पासला? तिथं जातात का गणपती घेऊन! ती काय जागा आहे! प्रवाळाच्या भिंतीतली फट आहे ती, तिथं ओहोटीला सगळं लगून, भिंतीआतलं सगळं पाणी, एका तोंडानं बाहेर पडतं. तळ नाही दिसत. मी एकटा असताना तिथं जीव मुठीत धरून जातो. एवढी खाज कशाला? इतकी वर्षं इथं विसर्जन झालं, गणपतीनं तक्रार केली का?

— हो. ते मी पाहिलं होतं. गेल्या वर्षी ओहोटी जरा जास्त गेली. सकाळी गणपती तिथंच, गुडघाभर पाण्यात बसलेले, सोंड विरघळलेली, आणि कुत्रं हुंगत होतं. मी हाकललं कुत्र्याला. अनू आली होती सकाळी, तिनं बघितलं. वाळूत बसून रडली. लहान पोरीसारखी. मी म्हटलं, चिखलाचे आहेत गं, चिखलात जाणार. तिला ते — म्हणजे तिच्यासाठी? जावईबापूंनी पास तिच्यासाठी ठरवला? असं म्हणाले सभेत? काय म्हणाले, ‘माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं’ म्हणून? सगळ्यांसमोर म्हणाले? हं. बोलायला काय जातं.

आणि बसणार कोण कोण आहे? मी पुढं. ते मोटारीवर. सभेचे अध्यक्ष जाडे आहेत, ते नकोत म्हणावं. मग? पूजेचा मान यंदा कोणाचा? — त्यांचाच? जोडप्याचा? म्हणजे अनू पण? कुठं बसणार? नाही, मागं नाही, मागं कशाला, मध्ये बसवा म्हणावं. गणपती मांडीवर घेऊन नवऱ्याच्या उजव्या हाताला, बरोबर, पूजेला उजवीकडंच बसतात, मला ठाऊक आहे, मला शास्त्र शिकवू नकोस. म्हणजे फळीला टेकून. देव मांडीवर घेऊन, त्या फळीला पाठ टेकून.

तिला पोहता येत नाही, लक्ष्मण. बापसानं पोरींना पाण्यात नाही घातलं. मी शिकवतो म्हणालो होतो. आये गेली तेव्हा ही माझ्या कमरेएवढी, जाळं ओढताना माझ्या सदऱ्याचं टोक धरून उभी राहायची काठावर, पाय ओले झाले की किंचाळायची. शिकवतो शिकवतो म्हणता लग्न झालं. मोक्याला कशाला लागतंय पोहायला. — फळी गेली ना, तर नुसती मोटार जात नाही. मागचा सगळा भाग उघडा पडतो. पासमध्ये लाट मागनं येते. मी पुढं. पुढून मागं यायला — तेवढ्यात होडी भरते. आणि ती गणपती सोडणार नाही. तिला मी ओळखतो. हात मोकळे कर म्हटलं तरी करणार नाही, मूर्ख.

बरं मग त्यांना कळत नाही? चष्मा कशाला लावलाय? रंग देताना हात आत जात असेल ना! काही नाही, मोटारच नको म्हणतो मी, सांगतो त्यांना जाऊन, म्हणतो फळी कुजलीय — आणि ते म्हणणार, केव्हापासून? काय सांगू? सगळ्यांसमोर विचारणार, गोवर्धनदादा, केव्हापासून? अरे, पण तुला त्यांनीच पाठवलं ना? त्यांना कळलंच असणार, म्हणून तर तू आलास पेटी घेऊन, नाहीतर गणपतीच्या दिवसांत तुला कोण — हं? त्यांनी नाही?

अनूनं?

अनूनं पाठवलं तुला. ती कशाला पाठवेल, तिला होडीतलं काय — काल आली होती, हो. गणपती बसवायला. इकडं किनाऱ्यावर आली होती एकटीच, मी म्हटलं पाय ओले होतील. होडीच्या मागं उभी होती बराच वेळ, हात ठेवून. मला वाटलं स्वस्तिक बघतेय. काय म्हणाली तुला? नीट सांग. तिच्या शब्दांत सांग, तुझे घालू नकोस.

'दादाला विचारू नका. दादाला ठाऊक आहे.'

असं म्हणाली.

आणि मग? तुला तिनं आणखी काही — यांना सांगू नका म्हणाली? नवऱ्याला नको सांगू म्हणाली? आणि जमलं नाही तर? दादा नाही म्हणाला तर? — तरी बसणार म्हणाली. मागंच बसणार. दादा पुढं आहे ना, म्हणाली.

आयो, अनू.

— काही नाही. वाऱ्यानं वाळू उडाली. गप्प बस तू, किती बडबडतोस मघापासून! लाकूड कुठाय? म्हणजे लाकूड न घेताच आलास का पिकनिकला? आणलंस? बसच्या टपावरून? दाखव. फणसाचं. वाळलेलं आहे ना, का तुझ्या जावयानं रंगवलंय ओलं असताना? ठोकून दाखव. हं. ठण्ण वाजतंय. बरं आहे. तुझ्याकडून एवढं तरी बरं झालं. मोटारीचे बोल्ट आधी सोडव, मग ती गोणपाटावर ठेव, वाळूत नको, कोणाची वस्तू आहे ती. माथ्यावर एकही भोक नाही पाडायचं. मखर दोरीनं बांधा म्हणावं यंदा, मी बांधीन. नियम? कसला नियम? बापसाचा नियम मला सांगतोस? बापूस असता तर त्यानं करवत तुझ्या हातात दिली असती आणि मला त्याच फळीनं बडवला असता. उघड पेटी. आणि जावईबापूंनी विचारलं तर म्हणायचं, दादांनी नवी बसवून घेतली, जावयाच्या मानाची. एवढंच. दुसरं काही बोललास तर या किनाऱ्यावर परत दिसू नकोस.

ती पकड इकडं दे. नाही, तू सर बाजूला. खिळे मी काढतो. ते माझे आहेत.